फुंक

उणे सत्तावीस.
डेपोच्या दिव्याखाली बस पांढरी, मुकी.
किल्ली फिरवायच्या आधी
मी नळी ओठांत धरते आणि फुंकते,
आई माझ्या खरचटलेल्या ढोपरावर फुंकायची
तितकी लांब, तितकी सावकाश.
यंत्र ऐकतं. थोडा विचार करतं.
हिरवा दिवा. मग इंजिन.

कुसामोतल्या आमच्या सगळ्या शाळेच्या बसना हे यंत्र आहे.
पेन्टी म्हणतो, अपमान वाटून घेऊ नकोस, राइली,
मलाही फुंकावं लागतं,
आणि मी तर चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो.
मला अपमान वाटत नाही.
एके काळी जे जे फुंकून टाकलं
त्या मानाने हे फारच थोडं:
सासऱ्यांची होडी, एक लग्न,
आणि लेकीच्या दहाव्या वाढदिवसाची अख्खी दुपार,
जी तिला आठवते, मला नाही.

मोबाइलमध्येही एक मोजणारा बसलाय.
दर शंभर दिवसांनी पडद्यावर रंगीत कागद उडवतो,
वर विचारतो, मैत्रिणींना कळवू का?
त्याच मोबाइलमध्ये, बोटभर अंतरावर,
जुगाराची चाकं, रात्री दोनलाही उघडी दुकानं,
आणि माझ्याच वर्गातल्या बायका, वाइनचे ग्लास उंचावून:
"आजचा दिवस संपला गं एकदाचा!"
रात्री मी त्याला लाकडांच्या पेटीत ठेवते,
सरपणाच्या तळाशी, जिथे पूर्वी बाटली असायची.
जागा माहितीतली, म्हणून.

मंगळवारी दिवा लाल लागला.

अकराशे तीन दिवस,
आणि लाल.
पाच मिनिटं थांबा, यंत्राने लिहिलं.
त्या पाच मिनिटांत मी कालची रात्र
खिशासारखी उलटी केली.
सूप. राईची भाकरी. दूध.
विणकामाच्या दोन ओळी, त्याही उसवलेल्या.
दहाला झोप.
मधे कुठे उठले होते का?
उठून कुठे गेले होते का?
एवढ्या दिवसांची साक्ष
एका ठिपक्यापुढे उभी राहीना.
यंत्रावर संशय घ्यायचं मला सुचलंच नाही.
आणि खरं सांगते,
त्या भीतीच्या तळाशी एक जुनी ऊबही होती:
आता ठरलंच आहे, तर मग...
सरकारी दुकान नऊला उघडतं.

तेवढ्यात वास आला. हातमोज्याचा.
काच धुवायचं निळं पाणी भरताना सांडलं होतं,
स्पिरिटचंच ते,
आणि मी त्याच हाताने नळी धरली होती.
एवढंच. एवढंच होतं.
हातमोजा दाराबाहेर भिरकावला,
थर्मासमधल्या पाण्याने चूळ भरली,
उघड्या हाताने नळी धरून पुन्हा फुंकले.
हिरवा.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.
मी आता फुंकर मारताना हात हुंगून घेते.

सरोवराकाठच्या वळणावर दोन रेनडिअर
रस्ता आपल्याच बापाचा असल्यासारखे उभे.
बर्फावर ब्रेक दाबायचा नसतो,
पाय नुसता हलका करायचा,
आणि चाक जिकडे सरकेल
तिकडे थोडं त्याच्यासोबत जायचं,
मग त्याला परत आणायचं, भांडण न करता.
बस वीतभर सरकली. आली परत.
मागे कुणाचं गाणंही थांबलं नाही.

उशीर का झाला, हिल्लाने विचारलं.
दिवा लागत नव्हता, म्हटलं.
बरं, म्हणाली,
आणि काचेवर हा करून वाफ सोडली,
त्यात बोटाने बस काढली, आत मुलं, पुढे मी,
माझे केस खूपच मोठे.
चाकं काढायच्या आत तिची शाळा आली.

संध्याकाळी डेपोत
हातमोजा सकाळच्याच जागी,
गोठून कडक, पाची बोटं वर करून,
वर्गात एकट्यालाच उत्तर येत असल्यासारखा.